मीटरचा काटा शून्यावरच? नवी केबल टाकण्याआधी जुनी का तुटली ते बघा

तालुक्याच्या कुठल्याही बाजारात दहा जुन्या मोटारसायकली बघा, त्यातल्या दोन-चारचा मीटर बंद सापडेल. गाडी पळते, ब्रेक लागतो, लाइट लागते, मग मीटरवाचून काय अडलंय, असं म्हणून वर्ष-वर्ष तशीच चालवली जाते. खरं तर जुन्या सीडी 100, स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, प्लॅटिना अशा गाड्यांमध्ये हा बिघाड बहुतेक वेळा एका साध्या केबलचा असतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि खर्चही किरकोळ. पण केबल तुटण्यामागचं कारण न बघता नवी टाकली, तर तीही थोड्याच दिवसांत तुटते.

बंद मीटरचं नुकसान दोन प्रकारचं

पहिलं नुकसान इंजिनाचं. रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर आणि महिन्यातले 25 दिवस धरले, तर महिन्याला 1000 किलोमीटर होतात. सहा महिने मीटर बंद राहिला, तर गाडी 6000 किलोमीटर पळालेली असते आणि आकडा मात्र जागचा हललेला नसतो. ऑइल बदलायचं, चेन आवळायची, एअर फिल्टर साफ करायचा, हे सगळं किलोमीटरवर ठरतं. हिशेबच नाही म्हटल्यावर ऑइल काळं पडून पातळ होतं, तरी आपण "परवाच तर बदललं" म्हणत राहतो. केबलचे वाचवलेले पैसे मग इंजिनाच्या कामात कितीतरी पटीने जातात.

दुसरं नुकसान जिवाचं. वेगाचा अंदाज डोळ्याने नीट येत नाही. मोकळ्या रस्त्यावर, विशेषतः रात्री, 60 चा वेग 40 सारखा वाटतो. 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण 11 मीटर जाते आणि 60 ने जवळजवळ 17 मीटर. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वेग दीडपट झाला की ते अंतर सव्वादोन पट होतं. कारखान्याच्या हंगामात अंधारात, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे उभी असेल, तर हा फरक काय करू शकतो ते वेगळं सांगायला नको.

शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे गाडीला वेग दाखवणारा मीटर असावा लागतो. 15 वर्षं झालेली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यायची असेल, तर मीटर आधीच चालू करून घेतलेला बरा.

मीटर चालतो कसा?

पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटा गिअर असतो. चाक फिरलं की तो फिरतो आणि केबलच्या आतली तार फिरवतो. ही तार ब्रेकच्या किंवा क्लचच्या तारेसारखी ओढली जात नाही, ती स्वतःभोवती फिरते. तिचं वरचं टोक मीटरमधलं एक चुंबक फिरवतं. चुंबकाला लागून, पण त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते आणि काटा त्या वाटीवर बसवलेला असतो. चुंबक फिरला की वाटीवर ओढ येते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा वेग दाखवतो. 1902 मध्ये जर्मनीत ओटो शुल्झ यांनी पेटंट घेतलेली ही युक्ती पुढे जगभरच्या गाड्यांमध्ये वापरली गेली. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवर, वेगळ्या बारीक दात्यांनी फिरतात.

एवढं कळलं की बिघाड कुठे आहे ते घरीच ओळखता येतं.

- काटा आणि आकडे दोन्ही बंद: केबल तुटली आहे किंवा चाकातला गिअर गेला आहे.
- काटा चालतो, आकडे बंद (किंवा उलट): केबल ठीक आहे, दोष मीटरमध्ये आहे.
- काटा थरथरतो, उड्या मारतो: केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे.

आधी तपासणी

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. मीटरखाली केबलचं गोल नट असतं, ते हाताने सोडवा. घट्ट असेल तर पक्कडीने हलकेच फिरवा. काही गाड्यांमध्ये हात पोचायला हेडलाइट सोडवावी लागते. आता कुणाला तरी पुढचं चाक उचलून धरायला सांगा, चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि केबलच्या वरच्या टोकाकडे बघा.

आतली तार फिरत असेल तर केबल चांगली आहे, मीटर मिस्त्रीला दाखवा. फिरत नसेल तर खालचं टोक सोडवा. ते हबच्या प्लेटवर एका फुलीच्या स्क्रूने किंवा नटाने धरलेलं असतं. तार बाहेर ओढून बघा. मधेच तुटलेली किंवा टोकाशी झिजून गोल झालेली असेल, तर दोष केबलचा. तार अख्खी निघाली, तर दोष हबमधल्या गिअरचा.

नवी केबल आणण्याआधी एक गोष्ट कराच. तुटलेल्या तारेचा वरचा तुकडा मीटरमध्ये बसवून चिमटीत फिरवा. सहज फिरला, काटा उडाला आणि परत शून्यावर आला, तर मीटर मोकळा आहे. जाम लागत असेल तर तुमची केबल मीटरने तोडली आहे, आणि नवीही तोच तोडणार. अशा वेळी आधी मीटरचं काम करा.

नवी केबल टाकताना

जुनी केबल काढताना ती कुठून कशी गेली आहे, कोणत्या कडीतून ओवली आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात जुनी केबल सोबत न्या. मॉडेल तेच असलं तरी लांबी आणि टोकं जुळवून घ्या.

तारेला हलका हात ठेवून ग्रीस लावा, तेही खालच्या दोन भागांनाच. वरची वीतभर तार कोरडी ठेवा. फिरणारी तार ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चिकटते आणि काटा चुकीचा वेग दाखवतो.

आधी खालचं टोक बसवा. ते गिअरच्या खाचेत बसेपर्यंत चाक हळूहळू फिरवा. ठोकून बसवू नका, खाच मोडते. मग स्क्रू लावा. केबल जुन्याच वाटेने, सगळ्या कड्यांतून वर घ्या, टोक मीटरमध्ये बसवा आणि नट हातानेच आवळा.

शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. केबल ताणली जाता कामा नये, टायरला किंवा गरम इंजिनाला लागता कामा नये. पुढचा शॉकअप दाबून तेच तपासा. केबलला कुठेही तीव्र वळण नको, गोलसर वळण हवं. बहुतेक केबली अशाच वळणावर तुटतात.

हबमधला गिअर गेला असेल तर काम गॅरेजला द्या. त्यासाठी चाक काढावं लागतं. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक परत बसवताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या खुंटीवर बसली नाही, तर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक अडकू शकतं. गाडी ताब्यात घेताना ही खाच नीट बसली आहे ना, ते मिस्त्रीला दाखवायला सांगा.

तोवर काय करायचं?

केबल मिळेपर्यंत मीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवा, आणि रोजच्या फेऱ्यांचा अंदाज त्यात मिळवत जा. वेग बघायचा तर मागे बसलेल्याला किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोजायला सांगा: 60 सेकंद लागले तर वेग 60, 90 सेकंद लागले तर 40. गाडी चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊन हे करू नये.

आणि जुनी गाडी विकत घेणार असाल, तर आकड्यावर जाऊ नका. पुढचं चाक फिरवून काटा हलतो का बघा. हलत नसेल तर मीटरवरचे किलोमीटर खरे धरू नका, आणि भाव त्याच हिशेबाने बोला.