वाटणीत विसरलेली वाट

बांध कोरल्याचा तंटा दहा वर्षे चालला तरी दोन्ही बाजूंची पिके निघत राहतात. रस्त्याच्या तंट्याचे तसे नसते. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याने चर खोदला, काटेरी कुंपण घातले किंवा वाटेवर दगड रचले, तर मागच्या शेतकऱ्याचा तो हंगाम गेलाच. तोडलेला ऊस जागेवर पडून राहिला की त्याचे वजनही घटते आणि उताराही. टोमॅटो, द्राक्षे, दूध यांना तर एवढीही सवड नसते. त्यामुळे रस्ता अडवणे हे शेजाऱ्याला नमवण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार ठरते. ते चालवण्यासाठी एक जेसीबी आणि एक दुपार पुरते. निकामी करायला मात्र तहसील, प्रांत, दिवाणी न्यायालय अशी पायपीट करावी लागते. या भांडणांचे खापर सहसा भाऊबंदकीवर, माणसांच्या आडमुठेपणावर फोडले जाते. मला ते कारण अपुरे वाटते. आडमुठी माणसे सगळ्याच काळात होती. या तंट्यांचे मूळ कागदात आहे: आपण पिढ्यान् पिढ्या जमिनीची वाटणी केली, पण तिथे जायचे कसे हे त्या वाटणीत लिहिले नाही.

महाराष्ट्रातील शेतजमिनीचे नकाशे ज्या मोजणीवर उभे आहेत, त्या पद्धतीची सुरुवात 1836च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाली. सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, गावनकाशे तयार झाले. या नकाशांत गावाला जोडणारे रस्ते, शिवेवरचे रस्ते, गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवलेले असतात. मात्र एकेका शेतात जायची वाट त्यांत बहुधा नसते. तेव्हा ती दाखवण्याची निकड नव्हती. नंबर मोठा होता, कसणारे घर एक होते आणि सुगी झाल्यावर बैलगाडी मोकळ्या रानातून कुठूनही काढता येत होती. पुढे तुकडे पडत गेले. कृषिगणनेप्रमाणे 1970-71 मध्ये राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आले. याच काळात खातेदार सुमारे 50 लाखांवरून दीड कोटीच्या वर गेले. रस्त्याला लागून असलेल्या शेताचे चार भावांत आडवे वाटे पडले की पहिला वाटा रस्त्यावर राहतो आणि उरलेले तीन कोंडले जातात. 1947च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राखालील तुकडे पाडायला बंदी केली, पण घराघरांतल्या तोंडी वाटण्या थांबल्या नाहीत. सातबारा एकत्र राहिला, रान मात्र वेगळे झाले. भर म्हणून बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉली आली, मळणीयंत्र आले. तिकडे दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून बांध इतका झिजला, की जिथून कधी बैलजोडी जायची तिथून आता माणूसही नीट चालू शकत नाही.

अडलेल्या शेतकऱ्यापुढे तहसील कार्यालयात दोन दारे असतात आणि अनेकांचा अर्ज चुकीचे दार ठोठावल्यामुळे फेटाळला जातो. रस्ता आधीपासून वहिवाटीत होता आणि तो आता अडवला, अशी तक्रार असेल तर 1906च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5 लागू होते. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पुन्हा अडवू नये अशी मनाई करू शकतात. पण दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. ‘बोलून मिटवू’ म्हणत पावसाळा आणि दिवाळी घालवणाऱ्यांची ही मुदत हातची जाते. रस्ता मुळात नसेलच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी वाजवी रस्त्याची गरज आहे का, हे पाहून तहसीलदार इतर भूमापन क्रमांकांच्या सीमेवरून रस्ता देऊ शकतात. सीमेवरून, म्हणजे बांधावरून. कोणाच्या रानाच्या मधोमध चिरत नव्हे. हा निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

दिवाणी न्यायालयात गेल्यावर 1882चा भारतीय सुविधाधिकार कायदा समोर येतो आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार तिथेच सापडतो. या कायद्याच्या कलम 13 नुसार सामाईक मिळकतीची वाटणी झाल्यावर एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शातून गेल्याशिवाय उपभोगताच येत नसेल, तर तिथून जाण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो. म्हणजे भावाने भावाला दिलेली वाट ही मेहेरबानी नाही, वाटणीचाच तो भाग आहे. हे कायद्यात जवळपास दीडशे वर्षे लिहिलेले आहे. आपल्या वाटणीपत्रांत मात्र ते उतरले नाही. शिवाय हा हक्क निकडीचा आहे, सोयीचा नव्हे. लांबून का होईना, दुसरा रस्ता असेल तर न्यायालय तो देत नाही. वीस वर्षांच्या वहिवाटीने मिळणारा हक्क (कलम 15) याहून वेगळा. ती वहिवाट उघड, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून झालेली असावी लागते. परवानगी मागून केलेली ये-जा कितीही वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही. या तरतुदीचा एक वाईट परिणाम गावोगाव दिसतो. ‘वीस वर्षे जाऊ दिले तर जमीन जाईल’ या धास्तीने मनाने चांगला शेजारीही एक दिवस वाट बंद करतो. वास्तविक, मी परवानगीने जातो एवढे दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या केल्या तरी त्याची भीती मिटते आणि याचे जाणेही चालू राहते. कागद नसल्यामुळे इथे चांगुलपणाच धोक्याचा होऊन बसतो, आणि हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

जमीनमालकाचा आक्षेप असा: माझ्या मालकीची गुंठा-दोन गुंठे जमीन फुकट का द्यावी? हा प्रश्न रास्त आहे. अल्पभूधारकाच्या शेतातून रस्ता गेला तर त्याचे पीक खरोखर घटते आणि कलम 143 मध्ये मोबदल्याचा शब्द नाही. माझ्या मते तो असायला हवा; निदान आपसात ठरवताना मागच्या शेतकऱ्याने तो द्यायला कां-कूं करू नये. पण मालकाने हेही पाहावे की रस्त्याचा हक्क म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. सातबारा त्याच्याच नावे राहतो. निकडीची वाट शेतातून नेमकी कुठून न्यायची हे ठरवण्याचा अधिकारही सुविधाधिकार कायद्याच्या कलम 14 प्रमाणे त्याचाच आहे. ती वाट समोरच्याला वाजवी सोयीची असली म्हणजे झाले. पुढे समोरच्याने दुसरीकडून रस्ता मिळवला, तर निकडीचा हक्क संपतो. दुसरी धास्ती गैरवापराची: आज ट्रॅक्टरला वाट दिली, उद्या तिथूनच प्लॉटिंगच्या गाड्या आणि खडीचे डंपर जातील. या बाबतीतही कायदा मालकाच्या बाजूचा आहे. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असे कलम 28 सांगते. पायवाटेचा हक्क असलेल्याला त्या जोरावर वाहन नेता येत नाही. शेतीसाठी मिळालेली निकडीची वाट शेतीपुरतीच असते. आपल्या जमिनीचे रूप बदलून शेजाऱ्यावरचा भार वाढवायला कलम 29 मनाई करते. मात्र हे संरक्षण कामी यायचे तर वाट कशासाठी, किती रुंद आणि कुठून कुठवर दिली हे लिहिलेले हवे. तोंडी वाट अडवायला सोपी, तशीच ती हळूहळू रुंदावायलाही सोपी असते. लिहून ठेवणे ज्याला सर्वांत जास्त नकोसे वाटते, त्या मालकाच्याच ते सर्वाधिक फायद्याचे आहे.

कागदाची गरजच काय, गावाला सगळे ठाऊक असते, असेही सांगितले जाते. गावाच्या या माहितीचे मोल शासनानेही मानले आहे; वाटा-वहिवाटींच्या रूढी वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदवण्याची तरतूद संहितेच्या कलम 165 मध्ये आहे. पण ज्यांना माहीत होते ती माणसे एकेक करून जातात. शेत बाहेरच्या माणसाला विकले जाते आणि त्याने खरेदीखतात जे वाचले तेवढेच त्याला ठाऊक असते. मग साक्षीदार दोन्ही बाजूंना सारखेच मिळतात आणि पंचनाम्याच्या दिवशी गावच दोन तटांत उभे राहते. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असे निर्देश महसूल विभागाने मे 2025 मध्ये दिले. दिशा बरोबर आहे. पण ही नोंद तंटा होऊन, निकाल लागल्यावर होणार असेल तर अर्धे काम उरतेच. वाटणीचा फेरफार मंजूर करतानाच प्रत्येक हिश्शाची वाट विचारली गेली पाहिजे, आणि ती दाखवता येत नसेल तर फेरफार पुढे जाता कामा नये. याने वाटण्या रेंगाळतील हे खरे. पण आज चार महिने रेंगाळलेली वाटणी पुढच्या पिढीची पंधरा वर्षांची कोर्टकचेरी वाचवणार असेल, तर तो उशीर मला मान्य आहे.

शासन हा नियम करील तेव्हा करील. तोवर हे काम घरातच करता येण्यासारखे आहे. वाटणीच्या बैठकीत आडव्या पट्ट्यांऐवजी प्रत्येकाचे तोंड रस्त्याला लागेल असे उभे पट्टे पडतात का, ते आधी पाहा. पडत नसतील तर मागच्या हिश्शाची वाट कोणत्या बांधाने, किती फुटांची, पाइपलाइनसह की तिच्याशिवाय, हे वाटणीपत्रातच लिहा, कच्चा नकाशा जोडा आणि दस्त नोंदवा. जमीन विकत घेणाऱ्याने विहिरीचे पाणी पाहण्याआधी वाट पाहावी आणि ती खरेदीखतात चतुःसीमेच्या शेजारी लिहून घ्यावी. ज्यांच्या वाटण्या होऊन गेल्या आहेत आणि ज्यांचे शेजाऱ्याशी अजून बोलणे आहे, त्यांनी या उन्हाळ्यात, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, तो कागद करून घ्यावा.