हशाची जागा

सकाळी साडेसहा. फोन वाजायला लागण्याआधीचे दोन तास लिखाणाचे. आजचं स्केच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं: पार्किंगवरून भांडण पेटलंय आणि मधूनच कुणीतरी फुलांचं 'शुभ सकाळ' टाकतंय. विषय कुणालाही सुचेल. खरी मेहनत माणसं बोलती करण्यात आहे. सेक्रेटरी काका संतापले की सरकारी मराठीत शिरतात, "सदर वाहन तत्काळ हलविण्यात यावे." तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एवढंच म्हणतात, "बघा बाबा." दोन्ही वाक्यं मी मोठ्यानं म्हणून बघतो. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत लागलेली ही सवय आहे. जिभेवर अडखळणारं वाक्य कॅमेऱ्यापुढेही अडखळतं.

नऊ वाजता पैशांचं बोलणं. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब चॅनेलला देतं, शॉर्ट्सवर ४५. त्यात पाच जणांची टीम चालत नाही, म्हणून ब्रँड लागतात. त्यांना आपलं नाव पहिल्या वाक्यात हवं असतं. मी ते शेवटाकडे नेतो आणि पैसे घेतलेत हे व्हिडिओवर स्पष्ट लिहितो. प्रेक्षकाला तेवढं कळायलाच हवं.

अकरा ते दोन शूटिंग. पंखा बंद, फ्रिज बंद, भंगारवाल्याचा भोंगा गल्लीबाहेर जाईपर्यंत सगळे गप्प. सेक्रेटरी मीच करतो. त्याचा राग मला पटलेला आहे: गेटसमोर गाडी लावली तर रुग्णवाहिका आत येणार कशी? माणसाचं म्हणणं रास्त असलं की त्याची टिंगल होत नाही, आणि हसूही जास्त येतं. २०१६ मध्ये 'भाडिपा' हे मराठी यूट्यूब चॅनेल सुरू झालं, तिथल्या 'आई, मी आणि...'मधली आई घराघरांतल्या लोकांना आपली वाटली, ती मला वाटतं याच कारणानं.

तीन वाजता एडिट, आणि दिवसाचा सगळा जीव इथे. नाटकात हशा आला की नट थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकतो. फोनवर बघणारा कधी हसेल हे आम्हाला दिसत नाही. फार थांबलो तर तो अंगठ्यानं वर सरकवतो, थांबलो नाही तर त्याच्या हसण्याखाली पुढचा संवाद बुडतो. म्हणून पंचनंतर बोलणंच ठेवत नाही, ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवतो. काकूंच्या "बघा बाबा"नंतर सेक्रेटरीचा चष्मा पुसतानाचा क्लोजअप आहे, सेकंदाहून थोडा मोठा.

"दादा, मागच्या व्हिडिओंचा आलेख बघा. लोक अशाच जागी सुटतात. कापूया?" एडिटर म्हणतो.

"सुरुवातीचा जिन्यावरचा शॉट काप. चष्म्याला हात लावू नकोस."

२५ फ्रेमच्या सेकंदातल्या सहा फ्रेम काढल्या तर जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि तेवढ्यानं विनोद मरतो. आलेख माणूस कुठे गेला ते सांगतो, तो का हसला ते सांगत नाही. आकड्यांवर आम्ही जगतो, तरी ही जागा मी कानानंच ठरवतो.

सात वाजता सबटायटल. लोकलमध्ये, ऑफिसात पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात. त्यांना पंच आधीच वाचायला मिळू नये म्हणून "बघा बाबा" वेगळ्या ओळीत, ओठ हलतील तेव्हाच.

साडेआठला व्हिडिओ जातो. काकूंचं काम करणाऱ्या ताईंना मी फोन करतो: काकूंसाठी पुढच्या भागात जास्त संवाद लिहू का?

"नको रे," त्या म्हणतात, "तेवढेच राहू दे. बघणं जास्त दे मला."