थंडीत गाडी सुरू करताच खडखड का होते? ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

डिसेंबर-जानेवारीची सकाळ. रात्रभर पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद बॉनेटखालून खडखड किंवा टकटक ऐकू येते आणि मग सगळे शांत होते. तक्रार घेऊन गेलात तर बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो : ‘जरा घट्ट ऑइल टाकू, आवाज बसेल.’

आमच्या नाशिकच्या घरी नेमके हेच झाले. वडिलांची पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची आहे. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना तिच्यात २०डब्ल्यू-५० भरले गेले. दुपारी सिग्नलला गाडी खरोखरच शांत वाटू लागली. सकाळची खडखड मात्र दोन सेकंदांवरून चार-पाच सेकंदांवर गेली. घरात मेकॅनिकल इंजिनिअर असून उपयोग काय, हा टोमणा मला अजून ऐकावा लागतो.

पहिल्या सेकंदांत काय होते?

इंजिन बंद झाले की ऑइल हळूहळू ओघळून खालच्या सम्पमध्ये जमा होते. सकाळी स्टार्टर मारला की पंप ते ऑइल जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाटांनी वर कॅमशाफ्टपर्यंत चढवतो. हे होईपर्यंत वरचे भाग आदल्या दिवशीच्या पातळ थरावरच फिरत असतात.

आवाज करणारे मुख्य भाग दोन. अनेक गाड्यांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि खडखडते. दुसरे म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट. त्यांच्यातले ऑइल रात्रीतून झिरपून गेले, की ते पुन्हा भरेपर्यंत टकटक होते. म्हणजे हा आवाज ‘ऑइल अजून पोचलेले नाही’ एवढेच सांगत असतो. पोचायला जितका उशीर, तितका आवाज लांबतो.

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर

डब्यावरचा ५डब्ल्यू-३० हा आकडा ‘एसएई जे३००’ या मानकातून येतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती वाहते राहते ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट असते ते सांगतो. थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर होते.

इथे कुणीही विचारेल, निफाडचा पारा कितीही घसरला तरी उणे १५ होत नाही. मग २०डब्ल्यू चालवायला हरकत काय? गाडी सुरू होईल, त्यात शंका नाही. प्रश्न सुरू होण्याचा नसून ऑइल किती सेकंदांत वर चढते याचा आहे. बाजारातल्या ऑइलचे नेहमीचे आकडे धरून मी ढोबळ हिशेब केला. सकाळच्या १० अंशांना ५डब्ल्यू-३० ची दाटी साधारण २८० सेंटिस्टोक येते, २०डब्ल्यू-५० ची हजाराच्या आसपास. सेंटिस्टोक हे दाटी मोजण्याचे एकक. पाणी साधारण १ सेंटिस्टोकचे असते. म्हणजे फरक जवळपास पावणेचार पट.

कॉलेजच्या लॅबमध्ये रेडवूड व्हिस्कोमीटरखाली ५० मिलिलिटर ऑइल गळायची वाट बघत स्टॉपवॉच धरून उभे राहावे लागायचे. त्या कंटाळवाण्या प्रॅक्टिकलचा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

आणखी एक गैरसमज. घट्ट ऑइलने दाब वाढतो, मग टेन्शनर लवकर ताणला जायला हवा, असे वाटते. पंपापाशी दाब वाढतो हे खरे. पण तो मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे ऑइल वर न जाता पंपाजवळूनच मागे वळते. पंपावर दाब भरपूर आणि वरचा कॅमशाफ्ट तहानलेला, असे होऊ शकते.

मग दुपारी गाडी शांत का झाली?

तापलेल्या इंजिनात गणित उलटते. झिजलेल्या भागांमधल्या फटींत दाट ऑइलचा जाड थर बसतो आणि ठोका दबतो. ‘घट्ट ऑइल टाका’ या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच. पण झीज तिथेच राहते, फक्त ऐकू येत नाही. शिवाय दाट ऑइल ढवळण्यात इंधन खर्च होते ते वेगळेच.

उलट टोकही तितकेच वाईट. ०डब्ल्यू-१६ सारखे अतिपातळ ऑइल नव्या इंजिनांच्या फटी पाहून ठरवलेले असते. जुन्या, ४० ग्रेड मागणाऱ्या इंजिनात ते टाकले तर सकाळचा आवाज कदाचित कमी होईल, पण घाटात तापलेल्या बेअरिंगमधला थर टिकेलच असे नाही.

सगळाच आवाज ऑइलचा नसतो

थंड इंजिनाचा आरपीएम कॉम्प्युटर मुद्दाम वाढवून ठेवतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. तो घों-घों आवाज मिनिटभरात उतरतो. डिझेल गाडीची थंडीतली कडकड ही इंधन उशिरा पेटल्यामुळे होते. ऑइल बदलून ती जाणार नाही. आणि सुरू केल्यापासून इंजिन तापेपर्यंत एकसारखा येणारा बोथट ठोका बहुधा पिस्टनचा असतो. थंड पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल असतो, तापून फुगला की नीट बसतो.

म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. आवाज किती सेकंद टिकतो, हे मेकॅनिकला ‘खूप आवाज येतो’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

बाइकवाल्यांसाठी थोडे वेगळे. बहुतेक बाइकमध्ये टॅपेटची फट स्क्रूने जुळवतात. ती वाढली असेल तर कुठलेही ऑइल उपयोगाचे नाही, फट जुळवावीच लागते. अपवाद आहेत. रॉयल एनफिल्डच्या जुन्या युसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते. आणि कारचे उरलेले ऑइल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले बघून घ्या.

ग्रेड बरोबर असूनही खडखड?

आधी डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी कमी असेल तर ग्रेडची चर्चा व्यर्थ. मग फिल्टर. अनेक फिल्टरमध्ये रबराचा छोटा पडदा असतो, जो रात्री फिल्टरमधले ऑइल मागे जाऊ देत नाही. स्वस्त किंवा बनावट फिल्टरमध्ये तो कडक होतो किंवा नीट बसत नाही, आणि मग रोज सकाळी पंपाला रिकामा फिल्टर भरण्यापासून सुरुवात करावी लागते. महागडे सिंथेटिक ऑइल भरून शे-दोनशे रुपये वाचवायला भलताच फिल्टर लावणारे लोक मी पाहिले आहेत.

सुरू केल्यावर लगेच रेस करू नका. आणि ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तिथेच बंद करा.

वडिलांच्या गाडीत पुन्हा ५डब्ल्यू-३० आणि मूळ कंपनीचा फिल्टर लावला. सकाळची खडखड आता सेकंदभराची आहे. त्यानंतर दोन-तीन मिनिटे एक हलका ठोका येतो, तो पिस्टनचा. वडिलांना तोही घालवायचा आहे.