दागिना उलटून पाहावा

निजामाच्या जडजवाहिराचा विषय निघाला की गप्पा जेकब हिऱ्यावर येऊन थांबतात. १८४.७५ कॅरटचा हा हिरा सहाव्या निजामाच्या बुटात सापडला आणि सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने, तो टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवला, ही गोष्ट सांगायला कोणाला आवडणार नाही? बीड तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे इथे ती घरचीच वाटते. पण दागिन्यांच्या खऱ्या नादिष्टाची नजर हिऱ्यावर फार वेळ टिकत नाही. त्याला दागिन्याची पाठ बघायची असते.

भारत सरकारने १९९५ साली निजामाच्या न्यासाकडून सुमारे २१८ कोटी रुपयांना १७३ नग विकत घेतले. त्यांतल्या कित्येकांच्या पुढच्या बाजूला हिरे-पाचू आणि मागे मीना, म्हणजे सोन्यावर भाजलेली रंगीत काच, आहे. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते मांडले होते. काचेआडचा दागिना उलटून पाहता येत नाही, ही अशा प्रदर्शनांची मोठी उणीव!

इतिहास थोडक्यात असा: मुघल दरबारात सोळाव्या शतकापासून मीनाकामाची ही कला रुजली, त्यामागे गोव्यामार्गे आलेल्या युरोपीय दागिन्यांचाही हात असावा असे अभ्यासक मानतात. पुढे जयपूर, बनारस, लखनौ, हैदराबाद अशी तिची घरे झाली.

खरी गंमत कामाच्या क्रमात आहे. कुंदनाच्या दागिन्यात पाठ आधी होते, दर्शनी बाजू नंतर. चितारी नक्षी काढतो, सोनार घाट घडवतो, मग खोदकाम करणारा सोन्यात बारीक खळगे कोरतो. त्यांत मीनाकार काचेची रंगीत पूड भरून भट्टीत भाजतो. ज्या रंगाला जास्त आच सोसते तो आधी: पांढरा सुरुवातीला आणि लाल अगदी शेवटी, कारण जास्त आचेत तोच आधी बिघडतो. भट्टी सात-आठशे अंशांची. खडे बसवायला आत लाख भरलेली असती, तर ती या आचेत कधीच जळून गेली असती. म्हणून खडे बसवणाऱ्या कुंदनसाजाच्या हाती दागिना येतो तो मागची फुले-पाखरे पुरी होऊनच.

सोने शुद्ध लागते. भेसळीतले तांबे आचेत काळवंडते आणि रंगाची झळाळी मारते. आरपार लाल तर सोन्यावरच खुलतो, कारण खालचे सोने उजेड परत फेकते. शिवाय मीन्यामुळे मऊ सोन्याला टणकपणा येतो आणि अंगाला घासून ते झिजत नाही. म्हणजे पाठीवरच्या नक्षीला नुसती हौस म्हणणे चुकीचेच.

पाठीचाच विषय निघाला आहे, तर इथे जरा पैठणकडे वळायला हवे. बीडमधल्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, आणि तिच्या काठाने वर गेले की पैठण. हातमागाच्या पैठणीत जरीच्या पिवळ्या जमिनीवर रेशमी मोर-मुनिया असे बसतात की मीनाकामच वाटावे. अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, तिलाही पाठ लपवायची गरज नाही. हल्ली हेच मोर कानातल्यांवर आणि पेंडंटवर मीन्याच्या रंगांत उतरवतात. त्यांतले पुष्कळसे भट्टी न लावता नुसता रंग भरून केलेले असतात. ते वाईट नाहीत, पण मीन्याच्या भावाने घेण्यासारखेही नाहीत. असा रंग मऊ असतो आणि लवकर ओरखडतो. भाजलेला मीना काचच असतो: वर्षानुवर्षे चकाकतो, मात्र जमिनीवर आपटला तर टवका उडतो.

लफ्फा, तन्मणी असे जुने मीनाकामाचे नग मराठवाड्यातल्या घरांतून कमी होत गेले, त्याला सराफ्याचा साधा हिशेब कारण आहे. मोडीत दागिना दिला की लाख, खडे आणि मीना यांचे वजन वजा होते, पैसे मिळतात ते सोन्याचे. ज्या पाठीवर चार कारागिरांचा हात फिरला, तिची किंमत त्या तराजूवर शून्य.