शहर आणि परगांवचा विनोदी नट

नांदेड जिल्ह्यांतील मुखेडच्या मनुष्यास शहर म्हटलें म्हणजे पूर्वीं मुंबई आठवत नसे, हैदराबाद आठवे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वरिष्ठ अदालत हैदराबादेस, मोठा दवाखाना हैदराबादेस, आणि १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठही तेथेंच. त्यामुळें शहराविषयींचा धाक, कौतुक आणि थट्टा हीं तिन्ही या बाजूस प्रथम दख्खनी उर्दूच्या संगतींत वाढलीं. पुढें १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि या मनुष्याच्या वाट्यास दुसरें, कितीतरी दूरचें एक शहर आलें. तेथें लोक मराठी बोलत. परंतु याची मराठी ऐकून हंसत.

हें हंसें नीट समजल्यावांचून मराठवाड्यांतून निघालेल्या विनोदी नटाचें काम कळावयाचें नाहीं. "काय करूलालास?" हा प्रश्न नांदेड-लातूरकडे अगदीं सरळ आहे, त्यांत व्याकरण आहे, जिव्हाळा आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या कानास तो चुकल्यासारखा वाटतो. रंगभूमीवर तर खेडवळ मनुष्य बहुधा गडी म्हणून यावयाचा, दोन शब्द वेडेवांकडे बोलावयाचा आणि लोकांना हंसवून आंत जावयाचा. त्याला शहर कसें दिसलें, हें त्याला कोणीं विचारावें?

तें सांगण्याची योग्यता खरें म्हणजे फिरत्या नटाच्या अंगीं असते. नवखा प्रवासी शहरांत येतो तो राणीचा बाग, समुद्र, उंच इमारती पाहतो आणि परत जातो. कायमच्या रहिवाशास यांतील कांहींच दिसत नाहीं, कारण तो आठ-सत्तावन्नची लोकल पकडण्याच्या चिंतेंत असतो. फिरता नट या दोघांच्या मधला. प्रयोगापुरता येतो, दोन-चार दिवस लॉजमध्यें राहतो, आणि शहराची पाठ पाहतो. नाटकगृहाचें मागचें दार, रात्रीं खेळ संपल्यावर बंद होत आलेलीं हॉटेलें, फलाटावर निजलेलीं माणसें, पहांटेच्या अंधारांत नळावर लागलेली भांड्यांची रांग, हें सर्व त्याच्या वाटेवरच असतें. गांवांत अंतर कोसांत किंवा शेतांच्या बांधांत सांगतात, येथें मिनिटांत सांगतात. गांवांत नवा मनुष्य दिसला कीं "कोणाचे पाव्हणे?" असें विचारतात, येथें शेजारच्या खोलींत कोण उतरलें आहे हें आठ दिवसांत कळत नाहीं, मात्र भिंत इतकी पातळ कीं त्याचा खोकला सगळा ऐकूं येतो! विनोदाचें भांडवल तें हेंच. मोठ्या वस्तूंवर व्याख्यान होतें. हंसूं येतें तें चहाच्या पेल्याच्या आकारावर.

मराठींत अशा विनोदाच्या दोन तऱ्हा ताडून पाहण्यासारख्या आहेत. पहिली पु. ल. देशपांडे यांची. ते मुंबईचेच, आकाशवाणीच्या सेवेंत असतां विलायतेस गेले आणि तेथील अनुभव त्यांनीं 'अपूर्वाई' या १९६० सालच्या पुस्तकांत सांगितले. मोठ्या शहरांत वाढलेला एक सुशिक्षित गृहस्थ त्याहून मोठ्या शहरांत जातो आणि आपलीच मध्यमवर्गीय त्रेधा उडालेली पाहून हंसतो. हें हंसणें निर्धास्त आहे, कारण हंसणारा व ज्याला हंसावयाचें तो, दोघे एकच. शिवाय त्याच्या भाषेस कोणी नांवें ठेवीत नाहीं.

दुसरी तऱ्हा लक्ष्मण देशपांडे यांची. १९४३ सालीं जन्मलेले हे गृहस्थ औरंगाबादेस विद्यापीठांत नाट्यशास्त्र शिकवीत. त्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगांत मराठवाड्याच्या खेड्यांतील एक मुलगा विलायतेस जातो, तेथील मुलीशीं त्याचें लग्न ठरतें, आणि सारें वऱ्हाड विमानानें निघतें. विमानांत बसूनही हीं माणसें एस.टी.च्या मोटारींत वागावें तशींच वागतात. यांत त्यांचा भोळेपणा आहे, पण न्यूनगंड नाहीं, आणि सगळी किमया या दुसऱ्या गोष्टींत आहे. त्यांस आपण चुकत आहों असें वाटतच नाहीं. विमानच कांहींसें गैरसोयीचें केलें आहे, असें त्यांचें मत दिसतें.

सुमारें तीन तास एकच मनुष्य रंगमंचावर आणि पात्रें बावन्न! वेषांतर नाहीं, नेपथ्याचा थाट नाहीं. आवाजाची जात, मानेचा झोंक, उभें राहण्याची ढब बदलली कीं म्हातारा जाऊन पोरगा आला. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु दोन म्हाताऱ्यांचें भांडण एका गळ्यांतून काढून पहावें, म्हणजे कष्ट कळतील. एकटा नट असल्याचा आणखी एक लाभ आहे, तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. नाटकांत खेडवळ पात्राशेजारीं सफाईदार मराठी बोलणारे चार नट उभे असले कीं त्यांच्या तुलनेनें तें पात्र हास्यास्पद ठरतें. येथें मंचावर सारा गांवच उभा आहे. बोली हीच तेथील रीत झाली. परका ठरला तो इंग्रज.

या प्रयोगाचे दौरे महाराष्ट्रांत झाले, तसेच परदेशांतील मराठी मंडळींपुढेंही झाले, आणि २००४ सालीं गिनीज बुकांत त्याची नोंद झाली. २००९ सालीं लक्ष्मण देशपांडे वारले. पुढें संदीप पाठक यांनीं तो उभा केला. तेही मराठवाड्याचेच, बीड जिल्ह्यांतील माजलगांवचे. हें बरें झालें, कारण ही बोली पाठ करून येत नाहीं, कानांत असावी लागते.

मात्र दादरच्या शिवाजी मंदिरांत आणि मराठवाड्याच्या एखाद्या गांवीं हंसूं एकाच जागीं फुटत नसावें. दादरकर वऱ्हाडाची फजिती पाहून हंसेल. मुखेडचा मनुष्य मात्र फजितीच्या थोडा आधींच, आपल्या आजोळच्या मामाचा आवाज ओळखूं आला कीं तेथेंच हंसेल, आणि शेजाऱ्यास कोपरानें ढोसून म्हणेल, "हौ, आमचा मामा अस्साच बोलतोय कीं!"