कांगारूंच्या देशात चारकोपचे झाड

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्र सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो. चौघेही कांदिवलीच्या चारकोपमध्ये लहानाचे मोठे झालेलो. एका मित्राचा भाऊ ब्रिस्बेनला असल्यामुळे मुक्काम तिथेच होता. पहिले दोन दिवस जवळच्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावर पांढऱ्या वाळूत आणि समुद्रात गेले. संध्याकाळी घरांसमोरच्या हिरवळीवर कांगारू निवांत चरायला येत. निलगिरीच्या बेचक्यात झोपलेला कोआला दिसला. आम्ही पाहत होतो तोवर तो हललासुद्धा नाही!

आठवीत शिकणाऱ्या मित्राच्या मुलीने तिथेच विचारले, "काका, आपल्याकडे कांगारू का नाहीत?"

या प्रश्नाला वर्गात बहुधा 'तिथले हवामान वेगळे' असे उत्तर मिळते. ते बरोबर नाही. युरोपातले ससे 1859 साली ऑस्ट्रेलियात सोडले गेले आणि पुढे ते इतके वाढले की शेतकऱ्यांना त्राहि भगवान करून सोडले. म्हणजे हवामान मानवणे ही एक गोष्ट आणि एखादा प्राणी तिथे असणे ही दुसरी. आपल्या दख्खनच्या माळरानावर कांगारू कदाचित मजेत राहिलाही असता. तो इथवर कधी पोचलाच नाही, एवढेच.

पण हे दोन देश एकेकाळी जोडलेले होते, मग तो का पोचला नाही? गोंडवन या प्राचीन महाखंडाचे भारत आणि ऑस्ट्रेलिया हे दोन तुकडे. महाखंडाचे नाव मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून पडले आहे. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत मिळतात आणि ऑस्ट्रेलियातील कोळशाच्या थरांतही मिळतात. मात्र सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी भारत या समूहातून सुटून उत्तरेकडे निघाला. ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकाला चिकटून राहिला आणि अंटार्क्टिका दक्षिण अमेरिकेला. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या शिशुधान प्राण्यांचे पूर्वज याच वाटेने, दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे, ऑस्ट्रेलियात शिरले. तिथले त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म क्वीन्सलँडमधील मर्गन येथे सापडले असून ते सुमारे 5.5 कोटी वर्षांचे आहेत. तोपर्यंत आपली गाडी स्टेशनातून केव्हाच सुटली होती. पुढे ऑस्ट्रेलियाही अंटार्क्टिकापासून वेगळा झाला आणि कांगारूंचे घराणे त्या बेटावर एकटे वाढले.

इथवर गोष्ट सरळ आहे. तिसऱ्या दिवशी ब्रिस्बेनच्या बूनडॉल पाणथळीत गेलो आणि ती जरा गुंतागुंतीची झाली. चिखलावरून लाकडी पायवाट काढलेली होती. मित्र एकदम थबकून म्हणाला, "अरे, ही तर आपल्या खाडीतली तिवरं!"

तसेच होते. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली श्वसनमुळे, पानांची पांढुरकी खालची बाजू आणि पानाला जीभ लावली की खारट चव. चारकोपच्या पश्चिमेला मनोरीच्या खाडीकाठी जे तिवर आहे तेच हे, अ‍ॅव्हिसिनिया मरीना. दोन्हीकडचे प्रकार किंचित वेगळे मानले जातात, पण जाती एकच. ऑस्ट्रेलियात ही जाती थेट व्हिक्टोरिया राज्याच्या कॉर्नर इनलेटपर्यंत आढळते. जगातील सर्वांत दक्षिणेकडची खारफुटी ती हीच. वर पाहिले तर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती, गोराईला घालते तशीच.

म्हणजे जमिनीवर सगळेच परके आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र ओळखीचे! कारण उघड आहे. जमिनीवरच्या प्राण्याला समुद्र म्हणजे भिंत. अल्फ्रेड रसेल वॉलेस 1856 साली बालीहून लोंबोकला गेला, तेव्हा जेमतेम 35 किलोमीटरच्या सामुद्रधुनीपलीकडे त्याला एकदम काकाकुवे दिसू लागले. वाघ बालीपर्यंत पोचला होता (विसाव्या शतकात तो तिथून नामशेष झाला), पुढे मात्र गेला नाही. ही सामुद्रधुनी इतकी खोल आहे की हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर उतरला तरी ती कोरडी पडली नाही.

तिवराला तोच समुद्र रस्त्यासारखा आहे. त्याचे बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजते. फळ पाण्यात पडले की साल सुटते आणि रोप तरंगत निघते. बहुतेक रोपे आईच्या पायाशीच चिखलात अडकतात, हेही सांगायला हवे. भारतातून निघून एका दमात ऑस्ट्रेलिया गाठणारे रोप कोणी कल्पू नये. या खाडीतून शेजारच्या खाडीत, या बेटावरून पुढच्या बेटावर, असा हा असंख्य पिढ्यांचा प्रवास आहे. अधली एखादी खाडी बुजली तर साखळीचा एक दुवा जातो.

बूनडॉलची पायवाट पाहून मनात तुलना झालीच. चारकोपची आमची वसाहत 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली गेली. लहानपणी आम्हाला तिवरांचा पट्टा म्हणजे चेंडू हरवण्याची जागा वाटायची. नंतर तिथे डेब्रिजचे ट्रक रिकामे होताना मी पाहिले आहेत. अर्थात ब्रिस्बेनकरांनाही फार मिरवायला नको. 1988 साली उघडलेल्या त्यांच्या विमानतळासाठी खारफुटी तोडलीच होती. क्वीन्सलँडमध्ये 1994 च्या मत्स्य कायद्याने अशा वनस्पतींना संरक्षण आहे. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि 2012 साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. उपनगरातल्या किती शाळांनी मुलांना हे झाड हात लावून दाखवले आहे, हा प्रश्न मात्र मला अजून सतावतो.

दाखवायचे असेल तर पावसाळा बरा. तेव्हा तिवराची चपटी, बदामासारखी फळे गळून किनाऱ्याला लागतात. झाडाची तोडू नयेत, गळलेलीच आठ-दहा उचलावीत. काही खाडीच्या पाण्यात, काही नळाच्या पाण्यात ठेवावीत. साल केव्हा सुटते, कोणते किती दिवस तरंगते, मूळ कोणत्या दिवशी दिसते, याची नोंद मुलांनी रोज करावी. प्रयोग संपल्यावर रोपे ओहोटीच्या वेळी, जिथून उचलली त्याच चिखलात सोडून यावीत.