सर्व्हर आपोआप रीस्टार्ट का होतो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या कार्यालयाचा वेब सर्व्हर भर मे महिन्यात आपोआप रीस्टार्ट झाला, की पहिला संशय विजेवर जातो. संशय रास्तच, पण पुरावा लॉगमध्ये शोधावा.

अख्खं यंत्र पुन्हा सुरू झालं, की फक्त सर्व्हरचा प्रोग्रॅम? लिनक्समध्ये ‘अपटाइम’वरून हे कळतं. यंत्र बंद झाल्याची रीतसर नोंद नसेल, तर वीज, उष्णता किंवा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) बिघाड तपासावा. प्रोग्रॅमच बंद पडला असेल, तर मेमरी पाहावी: ती संपली की कर्नल स्वतःच एखादा प्रोग्रॅम मारतो आणि त्याचं नाव लॉगमध्ये नोंदवतो.

लॉग अपुरे पडले, तर बिघाड मुद्दाम घडवावा. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक असाच रीसेट होत होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर तो घोळ घडवला. दुय्यम काम महत्त्वाच्या कामाला अडवत होतं. दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली गेली.